नाव एक, पत्ते चार

डोंगरी म्हटले की बहुतेकांना मुंबईतली डोंगरी आठवते. सँडहर्स्ट रोड स्टेशनजवळची, दाट वस्तीची. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये एकशे एक दिवसांचा कारावास भोगला तो तिथल्या तुरुंगात. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि ते नाव मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले. हा लेख मात्र दुसऱ्या डोंगरीतून सुरू होतो. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस धरली की राई, मुर्धे, मोर्वे मागे पडतात आणि डोंगरी येते. चर्च, ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी घरे, वाड्या, आणि पुढे उत्तनला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. अलीकडे हे गाव पेपरात येते ते मेट्रो ९ च्या कारशेडमुळे आणि त्यापायी जाणाऱ्या झाडांमुळे. दोन्ही डोंगरीच. पण एकीचा पिनकोड ४००००९ आणि दुसरीचा ४०११०६. पाकिटावर नुसते ‘डोंगरी’ लिहिले तर पत्र कुठे जाईल, याची हमी कोणी देणार नाही.

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे असेच अपुऱ्या पत्त्याचे नाव आहे. बोलण्यात त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. त्या शब्दात गर्भाशयमुखाचा कर्करोगही मिसळून जातो, आणि तो तर एचपीव्ही विषाणूमुळे होणारा अगदी वेगळा आजार आहे. ही गफलत दूर केली तरी ‘अस्तराचा कर्करोग’ या एका नावाखाली निदान चार निरनिराळे आजार राहतात, हे गेल्या बारा-तेरा वर्षांत स्पष्ट झाले आहे. त्यांतला एक असा की शस्त्रक्रियेनंतर तो परत येण्याची शक्यता फारच थोडी. दुसरा असा की उपचार करूनही तो जवळपास निम्म्या बायकांमध्ये परततो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन्ही कित्येकदा इतके सारखे दिसतात की जाणकार डोळाही फसतो. त्यांच्यातला फरक पेशीच्या आत, रेणूंच्या पातळीवर असतो आणि तो चाचणीनेच कळतो.

या चाचण्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: हे सगळे परदेशात ठीक आहे, आपल्याकडे आधी साधे उपचार तरी मिळू देत. हे म्हणणे तळमळीतून येते, आणि तरीही ते चुकीचे आहे असे मला वाटते. जिच्यासाठी उपचाराची एकेक फेरी महाग आहे, तिलाच आपल्या आजाराचा अचूक पत्ता सर्वांत आधी कळला पाहिजे. या लेखात मला हेच सांगायचे आहे.

आधी आजाराची थोडी ओळख. हा कर्करोग बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. त्याची एक खूण मात्र लवकर दिसते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागते. या आजाराच्या दर दहा बायकांपैकी सुमारे नऊ जणींत ही खूण आढळते. अशा रक्तस्रावाची कारणे बहुतेक वेळा साधीच निघतात. दहा जणींत जेमतेम एकीला कर्करोग असतो. पण ती एक कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. लठ्ठपणा, मधुमेह आणि प्रोजेस्टेरॉनचा तोल नसलेले जादा इस्ट्रोजेन ही या आजाराची मोठी कारणे आहेत. जगात दरवर्षी चार लाखांहून अधिक स्त्रियांना तो होतो. मुंबईत १९६३ मध्ये भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या दशकांच्या नोंदी एक सरळ गोष्ट सांगतात. शहरात गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी होत गेला आणि अस्तराचा वाढत गेला. राहणीमान जसे बदलते तसे आजारही बदलतात. भाईंदरच्या खाडीलगतची गावे आता त्याच महानगराचा भाग झाली आहेत. शहराचे आजार त्यांच्याही वाट्याला येणारच.

निदान झाले की घरचे लोक डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतात. ‘काय झालंय?’ आणि ‘पुढं काय?’ पहिल्याचे उत्तर निदान देते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी वैद्यकाने अनेक वर्षे तीन आधार घेतले: गाठ कुठवर पसरली म्हणजे स्टेज, पेशी किती बिघडलेल्या दिसतात म्हणजे ग्रेड, आणि त्या पेशींचा प्रकार. लेनिनग्राडच्या डॉ. बोखमन यांनी १९८३ मध्ये ३६६ रुग्णांच्या अभ्यासावरून या आजाराचे दोन गट सुचवले. एक इस्ट्रोजेनशी, लठ्ठपणाशी जोडलेला, बहुधा सौम्य. दुसरा हार्मोनशी फारसा संबंध नसलेला, आक्रमक. पुढे तीस वर्षे डॉक्टरांच्या पिढ्या याच चौकटीत शिकल्या. त्या काळात ती मोठीच पायरी होती.

पण डोळ्यांनी ठरवलेल्या वर्गीकरणाला मर्यादा होत्या. वरच्या ग्रेडच्या ५६ गाठींच्या स्लाइड तीन अनुभवी तज्ज्ञांनी वेगवेगळ्या तपासल्या, तेव्हा तिघांचे एकमत झाले ते जेमतेम पाचांपैकी तीन गाठींबाबत. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. ज्या गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत त्या सारख्या दिसत होत्या, एवढेच. आणि तज्ज्ञांच्या या मतभेदाचा परिणाम उपचारांवर होत होता. एकाच बाईला एका ठिकाणी ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, पुरेसे म्हटले जाई आणि दुसऱ्या ठिकाणी केमोही सांगितली जाई.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ या प्रकल्पाने अस्तराच्या ३७३ गाठींच्या जनुकीय रचनेचा सविस्तर अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून चार गट पुढे आले. ते समजून घ्यायला छापखान्याकडे पाहावे. पेशी विभागते तेव्हा तिला आपल्या डीएनएची, म्हणजे सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या ग्रंथाची, नवी प्रत काढावी लागते. इतक्या अक्षरांत चुका होणारच. म्हणून पेशीत मुद्रितशोधक नेमलेले असतात.

पहिला मुद्रितशोधक छपाईच्या जागीच बसलेला असतो. अक्षर चुकले की तिथल्या तिथे खोडून दुरुस्त करतो. हे काम पोल-ई या जनुकाने बनवलेल्या प्रथिनाचा एक भाग करतो. तोच भाग बिघडला की चुकांचा पूर येतो. अशा गाठीत हजारो बदल साचतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती कित्येकदा भीतिदायक, ग्रेड ३ ची दिसते. आणि तरीही या गटातल्या बायका सर्वांत चांगल्या राहतात. याचे एक कारण असे मानले जाते की इतक्या चुका झालेली पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला ‘आपली’ वाटतच नाही. ती परकी म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावर हल्ला होतो. डोळ्यांना जी गाठ सर्वांत वाईट दिसली, तीच सर्वांत कमी धोक्याची निघावी, हे या साऱ्या शोधातले सर्वांत मोठे आश्चर्य आहे. जुन्या पद्धतीत अशाच गाठीला सर्वांत कडक उपचार मिळत होते.

दुसरा मुद्रितशोधक छपाईनंतर पाने तपासतो आणि राहून गेलेल्या चुका काढतो. ही चार प्रथिनांची टोळी आहे: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. यांतले एखादे नाहीसे झाले की त्या गटाला एमएमआर-न्यून म्हणतात. याची वाटचाल मध्यम धोक्याची असते. या गटाकडे पुन्हा यायचे आहे, कारण त्याचा संबंध फक्त त्या बाईपुरता नसतो.

तिसरा पी५३. त्याला छापखाना थांबवण्याचा अधिकार आहे. पान फाटले, शाई सांडली की तो यंत्र बंद पाडतो. त्याचाच घात झाला की फाटकी पाने बाहेर पडत राहतात, गुणसूत्रांचे तुकडे होतात, ते कसेही जोडले जातात. हा सर्वांत धोक्याचा गट. अस्तराच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा साधारण १५ टक्के आहे. पण या आजाराने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक मृत्यू याच गटात होतात.

चौथ्या गटात यांपैकी काहीच सापडत नाही. त्याला एनएसएमपी म्हणतात, म्हणजे विशिष्ट रेणवीय ठसा नसलेला. ‘यांतले काही नाही’ म्हणून उरलेल्यांचा हा गट आहे. त्याचे भवितव्यही बहुधा मध्यम, आणि ग्रेड व इस्ट्रोजेन रिसेप्टर यांवर बरेच अवलंबून.

या वर्गीकरणाने नेमका काय फरक पडला, ते पोर्टेक-३ या आंतरराष्ट्रीय उपचार-चाचणीत स्पष्ट दिसते. त्यात धोका जास्त असलेल्या ६६० बायका होत्या. अर्ध्यांना शस्त्रक्रियेनंतर केवळ किरणोपचार दिले, अर्ध्यांना त्यासोबत केमो. सगळ्यांचा आजार एकच धरून हिशेब केला तेव्हा पाच वर्षांनी केमो घेतलेल्यांना सुमारे सात टक्क्यांचा फायदा दिसला. आजार न परतता राहिलेल्यांचे प्रमाण ६९ वरून साधारण ७६ वर गेले. पुढे त्यांतल्या ४१० बायकांच्या जपून ठेवलेल्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यांवर, रेणवीय चाचण्या झाल्या आणि २०२० मध्ये निकाल आले. पाच वर्षे आजार न परतता राहण्याचे प्रमाण पोल-ई गटात ९८ टक्के, एनएसएमपीत ७४, एमएमआर-न्यून गटात ७२, आणि पी५३ गटात ४८.

केमोचा हिशेब गटवार मांडल्यावर चित्र आणखी बदलले. पी५३ गटात केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ३६ टक्के बायका आजारमुक्त राहिल्या होत्या, तर केमोही घेतलेल्यांपैकी ५९ टक्के. तेवीस टक्क्यांचा फरक. पोल-ई गटात दोन्ही बाजू जवळपास शंभर टक्क्यांवर. एमएमआर-न्यून गटात केमोचा फायदा दिसलाच नाही. म्हणजे ‘सात टक्के’ ही सरासरी यांतल्या कुठल्याच बाईची खरी नव्हती. जिला खूप फायदा होता तिला तो थोडा वाटत होता, आणि जिला अजिबात गरज नव्हती तिला थोडा फायदा दाखवला जात होता. सरासरीवर उपचार करणे म्हणजे दोन्ही डोंगरींच्या मध्ये कुठेतरी, दहिसरच्या आसपास, पत्र टाकून येणे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, आपल्या डोंगरीतली बासष्ट वर्षांची एक बाई आहे. तिची पिशवी काढली, रिपोर्टमध्ये ग्रेड ३ आला, आणि तिला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात शेक घ्यायला सांगितले. बाहेरून द्यायचे किरणोपचार सहसा सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे चालतात. म्हणजे साधारण पंचवीस फेऱ्या. डोंगरीहून बसने भाईंदर स्टेशन, तिथून लोकलने दादर, तिथून पुढे परळ. बरोबर मुलगी किंवा सून. तिचीही रोजची कामे बुडणार. उपचार स्वतः काही मिनिटांचा, पण दिवस पूर्ण जाणार. जुलाब, थकवा, लघवीची जळजळ घेऊन संध्याकाळच्या गर्दीतून परतायचे. पंचवीस वेळा.

तिची गाठ पोल-ई गटातली असेल आणि गर्भाशयाबाहेर गेलेली नसेल, तर युरोपातल्या तीन तज्ज्ञसंस्थांनी मिळून २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शस्त्रक्रियेनंतर पुढचे उपचार टाळावेत. त्या पंचवीस फेऱ्यांची गरजच नसेल. गाठ पी५३ गटातली असेल, तर मात्र पंचवीस फेऱ्या पुरणार नाहीत, तिला केमोही लागेल. तिथे हात आखडणे म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणे. पोर्टेक-३ मधल्या बायकांत पोल-ई गट सुमारे १२ टक्के होता आणि पी५३ गट सुमारे २३ टक्के. म्हणजे धोका जास्त मानल्या गेलेल्या दर तीन बायकांपैकी एकीच्या बाबतीत ही दोन उत्तरे उपचाराचा निर्णय बदलू शकतात.

श्रीमंत देशात अनावश्यक किरणोपचाराची किंमत बहुधा विमा कंपनी किंवा सरकार भरते. इथे ती घर भरते: बुडालेल्या रोजंदारीतून, गहाण ठेवलेल्या दागिन्यातून, सुनेच्या सुटलेल्या नोकरीतून. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सरकारी रुग्णालयातल्या किरणोपचाराच्या यंत्रासमोर रांग असते. जिला गरज नाही ती त्या रांगेतून बाहेर आली, तर जिला खरी गरज आहे तिचा नंबर लवकर लागतो. जिथे साधने कमी असतात तिथे ती कुणाला द्यायची हे नेमके कळण्याला जास्त मोल असते. म्हणून ‘आधी साधे उपचार, मग या चाचण्या’ हा क्रम मला पटत नाही. साधे उपचार योग्य बाईपर्यंत पोचावेत यासाठीच या चाचण्या हव्यात.

खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण तो तपशिलात पाहिला पाहिजे. चार गट ओळखायला त्या मोठ्या प्रकल्पासारखे सबंध जनुकसंचाचे वाचन लागत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर आणि नेदरलँड्समधल्या लायडेन इथल्या गटांनी साधी वाट शोधली आणि त्यासाठी तीनच गोष्टी पुरतात. पी५३ आणि एमएमआर प्रथिने ही आयएचसी या रंग देण्याच्या पद्धतीने पाहता येतात. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन रिसेप्टर तपासायला रोज वापरली जाते तीच ही पद्धत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेला ती नवी नाही. एमएमआरची चारही प्रथिने एकदम तपासायलाच हवीत असेही नाही. ती जोडीजोडीने राहतात, त्यामुळे आधी पीएमएस२ आणि एमएसएच६ ही दोन पाहून बहुतेक उत्तर मिळते. खर्चिक आहे ती तिसरी, पोल-ई जनुकाची अक्षरे वाचण्याची चाचणी. पण तीही सर्वांना करावी लागत नाही. ग्रेड कमी आणि गाठ वरवरची असेल, तर उत्तर काहीही आले तरी उपचार बदलत नाहीत. तिथे ती वगळता येते. जिथे निर्णय अडला आहे तिथेच ती करायची. पोल-ईतले बहुतेक घातक बदल मोजक्या ठिकाणी होतात, म्हणून तेवढ्याच जागा तपासणाऱ्या स्वस्त पद्धतीही पुढे येत आहेत. एका मोठ्या केंद्राने अनेक रुग्णालयांचे नमुने एकत्र करून तपासले तर खर्च आणखी उतरतो. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभा राहिलेला ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ देशभरातल्या शेकडो केंद्रांना जोडतो. अशा कामाची चौकट आपल्याकडे तयार आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. पी५३ गटात जो तेवीस टक्क्यांचा फरक पडला, तो कुठल्या नव्या, महाग औषधाने पडला नाही. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल ही जुनी औषधे आहेत आणि भारतात ती जेनेरिक मिळतात. ती कुणाला द्यायची एवढेच ठाऊक नव्हते. इम्युनोथेरपीचा, म्हणजे डोस्टारलिमॅबसारख्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांचा, प्रश्न निराळा आहे. एमएमआर-न्यून गटातल्या पसरलेल्या किंवा परतलेल्या आजारात २०२३ च्या रूबी चाचणीने केमोसोबत डोस्टारलिमॅब दिल्यावर दोन वर्षांनी सुमारे ६१ टक्के बायकांचा आजार थोपलेला दाखवला. फक्त केमो घेतलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. ही औषधे आज बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहेत आणि त्यांच्या किमतींसाठी वेगळी लढाई लढावी लागेल. पण ती औषधे परवडत नाहीत म्हणून चाचणीच नको, असे म्हणणारा चाचणीचा अर्धा उपयोग विसरतो.

तो अर्धा उपयोग कुटुंबाचा आहे. १८९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर गावात पॅथॉलॉजिस्ट अल्ड्रेड वॉर्थिन यांना एक शिवणकाम करणारी बाई भेटली. आपल्या घरातली माणसे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, आपणही तशाच जाणार, असे तिने सांगितले. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाने गेली. त्या पहिल्या भेटीनंतर सुमारे शंभर वर्षांनी त्या घराण्यात एमएसएच२ या जनुकातला दोष सापडला. आज आपण याला लिंच सिंड्रोम म्हणतो. अस्तराच्या कर्करोगाच्या शंभर बायकांपैकी साधारण तिघींना तो असतो. तो आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. दर मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. कित्येक बायकांत गर्भाशयाचा कर्करोग हीच त्याची पहिली खूण असते.

एमएमआर चाचणीत उणीव दिसली म्हणजे लिंच आहेच असे नाही. बहुतेक वेळा कारण फक्त त्या गाठीपुरते असते आणि त्याची पुढे तपासणी करावी लागते. पण लिंच निघाला, तर बहीण, मुलगा, भाचा यांच्या आतड्यांची नियमित कोलोनोस्कोपी सुरू करता येते आणि कर्करोग होण्याआधीच गाठी काढता येतात. आपल्या घरांत ‘त्यांच्या घरात आहेच ते’ असे दबक्या आवाजात बोलून विषय संपवतात, लग्नाच्या मुलीसमोर तर बोलतच नाहीत. त्या कुजबुजीला या चाचणीने खरे उत्तर मिळते. एका बाईच्या ब्लॉकवरचे दोन रंग तिच्या मुलांना मोठ्या संकटातून वाचवू शकतात. परळच्या ओपीडीत आलेल्या एका डोंगरीकर बाईचा रिपोर्ट अख्ख्या गावातल्या नातेवाइकांच्या कामी येऊ शकतो.

या वर्गीकरणाच्या मर्यादाही लपवून चालणार नाही. एनएसएमपी हा मोठा गट अजून आतून नीट उलगडलेला नाही. त्यात अनेक वाटा आहेत. पोल-ई गटाला उपचार टाळावेत हा सल्ला मुख्यतः मागे वळून केलेल्या अभ्यासांवर उभा आहे. पोर्टेक-४ए आणि रेनबो यांसारख्या नव्या चाचण्यांची आखणी मात्र रेणवीय गटानुसार आधी उपचार ठरवून पुढे पाहण्याची आहे. वर दिलेल्या गटवार आकड्यांत प्रत्येक गटातल्या बायका फार नव्हत्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, पोर्टेक-३ मध्ये युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडातल्या बायका होत्या. आपल्या नव्हत्या.

इथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांची आठवण येते. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. भारतीयांच्या कर्करोगाचा अभ्यास भारतीयांच्या सवयी, आहार, चालीरीती पाहूनच करावा लागेल, पाश्चात्त्यांचे आकडे उसने घेऊन भागणार नाही, अशा पायावर त्यांनी काम उभे केले. तोच धडा आजही लागू आहे. आपल्याकडच्या बायकांत या चार गटांचे प्रमाण काय, मधुमेह आणि लठ्ठपणा वाढत असताना ते कसे बदलते, कोकणपट्टीत, मराठवाड्यात, विदर्भात ते सारखेच आहे का, ही उत्तरे इथेच शोधावी लागतील. आणि चाचण्याच केल्या नाहीत तर ती कधीच मिळणार नाहीत. पुरावा नाही म्हणून चाचणी नाही आणि चाचणी नाही म्हणून पुरावा नाही, या फेऱ्यातून कुणीतरी बाहेर पडले पाहिजे.

२०२३ मध्ये आणखी एक घडामोड झाली. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संस्थेने या कर्करोगाच्या स्टेजमध्येच रेणवीय माहिती आणली. गाठ गर्भाशय आणि गर्भाशयमुखापुरती असताना पोल-ई बदल सापडला तर स्टेज १ए होते. पी५३ बिघडलेला असेल आणि गाठ गर्भाशयाच्या स्नायूत शिरली असेल, तर २सी. चाचणी झालेली नसेल तर जुन्याच पद्धतीने स्टेज ठरते. याचा अर्थ असा की अगदी सारखी गाठ असलेल्या दोन बायकांची स्टेज आता वेगळी असू शकते, फक्त एकीच्या रुग्णालयात चाचणी होते आणि दुसरीच्या होत नाही म्हणून. आजाराची पायरी रुग्णालयाच्या सोयीवर आणि रुग्णाच्या खिशावर ठरू लागली, तर ते शास्त्राचे अपयश नव्हे, आपल्या व्यवस्थेचे अपयश असेल. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्याची आरोग्य योजना चालते. त्या नावाला साजेसे एक काम म्हणजे अस्तराच्या कर्करोगाच्या उपचारांत पी५३ आणि एमएमआर या दोन चाचण्या सक्तीच्या करणे आणि पोल-ई चाचणी गरजेनुसार मोफत देणे.

आणि हे सगळे ज्या एका क्षणावर अवलंबून आहे तो प्रयोगशाळेत येत नाही. तो घरात येतो. पाळी जाऊन आठ वर्षे झालेली बाई एक दिवस कपड्यावर डाग पाहते आणि गप्प बसते. या वयात हे कुणाला सांगायचे? सुनेला? मुलाला? महिने जातात. किंवा ती बोलते, पण ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या तेव्हा २०१९ मध्ये राज्याला समिती नेमावी लागली आणि पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक बायका आढळल्या. तिथली मुळे वेगळी होती: मजुरी बुडण्याची भीती, मुकादमाचा दंड, तपासणीविना दिलेला सल्ला. पण दुखणे एकच, निदानाआधी निर्णय. बीडच्या बाईची नको असताना पिशवी गेली. डोंगरीच्या बाईची कदाचित हवी असताना उशिरा जाईल, किंवा गेल्यावर ती तपासायला नीट पाठवलीच जाणार नाही. कापून न उघडलेले गर्भाशय लहान बाटलीत अपुऱ्या फॉर्मलिनमध्ये पडून राहिले की आतले अस्तर सडते आणि मग कुठलीच चाचणी खरे बोलत नाही. म्हणून क्युरेटिंगचा, म्हणजे अस्तर खरवडून काढलेला, तुकडा आधी घ्यायला हवा. तो लहान असतो, त्यात फॉर्मलिन लगेच मुरते, आणि चारही गट त्या तुकड्यावरच ठरवता येतात. शस्त्रक्रियेआधीच पत्ता कळलेला असतो.

पत्ता कळणे म्हणजे नशीब कळणे नव्हे. ९८ टक्के हे कुणा एकीला दिलेले वचन नाही, ४८ टक्के ही कुणा एकीची शिक्षा नाही. पी५३ चे नाव ऐकून घर हादरेल, हे खरे. पण त्याच नावामुळे ३६ चे ५९ झाले हेही खरे. भविष्य सांगण्याचा हेतूच मुळी ते बदलता यावे हा आहे. डॉक्टरांनी ते नाव रुग्णाला तिच्या भाषेत सांगायला हवे, शांतपणे, पुढे काय करता येईल त्यासह. ते लपवणे ही दया नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक घराला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाळी गेल्यावर एक थेंबही दिसला तरी तपासून घ्या, वाट पाहू नका. पिशवी काढायचा निर्णय होण्याआधी तुकडा तपासला का, ते विचारा. आणि कर्करोग निघालाच, तर रिपोर्टवर पी५३ आणि एमएमआर लिहिले आहे का ते बघा, नसेल तर करून मागा. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासारख्या जपून ठेवा. उद्या नवी चाचणी आली तर ती त्याच ब्लॉकवर होईल.

भाईंदरच्या स्टेशनवर सकाळी परळच्या वाटेवरच्या बायका दिसतात, हातात फाइल, खांद्याला डबा आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी. त्यांतल्या कुणाला ही पंचवीस फेऱ्यांची वाट नीट पुरी करायची असते, कुणाला त्याहून पुढे जायचे असते, आणि कुणाला ती मुळी करायचीच नसते. तिला ते कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.